समजा, बकऱ्या क्ष आहेत

गणिताच्या पुस्तकातल्या शेतकऱ्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. त्याचं शेत काटेकोर आयताकृती असतं. लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा बरोबर पाच मीटरनं जास्त. धुऱ्यावरून त्याचं कोणाशी भांडण नसतं. तो बाजारातून काही गाई आणि काही शेळ्या घेऊन येतो, पण किती आणल्या ते बायकोलाही सांगत नाही; एकूण रक्कम तेवढी सांगतो आणि गप्प बसतो. घरचे मग समीकरण मांडत बसतात. यवतमाळ जिल्ह्यातले सोळाच्या सोळा तालुके पालथे घातले, तरी असा माणूस सापडायचा नाही. आमच्याकडच्या वावराचा एक कोपरा नाल्यानं नेलेला असतो, दुसरा चुलतभावानं. उरलेल्याची लांबी-रुंदी सरकारी मोजणी होईपर्यंत कोणाला ठाऊक नसते, आणि मोजणी झाल्यावर कोणाला मान्य नसते. राहता राहिल्या शेळ्या. त्या किती आणल्या आणि केवढ्याला आणल्या, हे शेळ्या वेशीत शिरायच्या आधी गावाला कळलेलं असतं.

तरीही विदर्भातल्या शाळा उघडल्या, की हा माणूस फळ्यावर येऊन उभा राहतो. आठवीत ‘एकचल समीकरणे’ म्हणून येतो, दहावीत तर पहिल्याच धड्यात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ घेऊन दारात हजर. घाटंजीकडच्या एका शाळेत गणित शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. नाव सांगत नाही, कारण त्यांची नोकरी अजून बाकी आहे. ते म्हणतात, पोरांना समीकरण सोडवायला अडचण नाही. ३क्ष + १० = २क्ष + २० असं लिहून दिलं, तर मागच्या बाकावरचंही पोरगं खडू मागतं. पण तीच गोष्ट शब्दांत सांगितली, की वर्गावर अवकळा पसरते. मग एक ठरलेलं वाक्य येतं: “सर, तुम्ही फक्त मांडून द्या. सोडवतो मी.”

मला विचाराल तर हे पोरगं फार शहाणं आहे. सोडवणं हे कारकुनी काम. खरी मालकी मांडणाऱ्याची. ‘समजा’ म्हणायचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्या सोयीनं पुढचं सगळं घडतं. हे त्या पोराला आठवीत उमगलेलं असतं. फक्त गुण मिळत नाहीत.

सोडवण्यातही आता पूर्वीइतकी शांतता उरली नाही म्हणा. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हा नियम आम्ही निमूटपणे पाठ केला होता. अलीकडे सरांच्या वर्गात एकानं हात वर करून विचारलं, “सर, पन टीव्हीवर तर ज्यानं बाजू बदलली त्यालेच चिन्ह भेटलं. जो जागेवर राहिला, त्याचं बदललं.” धनुष्यबाण आणि घड्याळ एका बाजूला, मशाल आणि तुतारी दुसऱ्या बाजूला, हे ज्यांनी याच राज्यात वाढता वाढता पाहिलं, त्यांना बीजगणिताचा नियम खोटा वाटला तर त्यांचा काय दोष? सरांनी “हा नियम फक्त वहीत लागतो” असं सांगून वेळ मारून नेली.

पण सरांची खरी परीक्षा झाली ती कोंबड्या-शेळ्यांच्या उदाहरणाला. उदाहरण जुनंच आहे. एका शेतकऱ्याकडे कोंबड्या व शेळ्या मिळून ३० डोकी आणि ८४ पाय आहेत, तर कोंबड्या किती व शेळ्या किती? सरांनी फळ्यावर लिहिलं आणि पाठ फिरवण्याआधीच आवाज आला.

“सर, मोजनाऱ्यानं मुंडके मोजले नं?”

“मोजले.”

“मंग कोंबडीचं मुंडकं अन् बकरीचं मुंडकं त्याले सारकंच दिसलं का?”

सर म्हणाले, समज अंधार होता. “अंधारात पाय कसे मोजले, सर? बकरी लाथ मारते नं.” सर म्हणाले, समज त्यानं नुसतीच बेरीज लिहून ठेवली होती. “बेरीज लिवाले कागद होता, अन् कोंबड्या किती हे लिवाले नव्हता?” वर्ग हसला. शेवटी सरांनी, हा प्रश्न बोर्डाला विचार, असं सांगून त्याला खाली बसवलं. मास्तर मंडळी अडचणीत आली की बोर्डाचं नाव घेतात, जसं आपण घरात वडिलांचं घेतो.

सरांनी मग रीतसर मांडणी केली. समजा, कोंबड्या क्ष आणि शेळ्या य. पहिलं समीकरण डोक्यांचं: क्ष + य = ३०. दुसरं पायांचं: २क्ष + ४य = ८४. पहिल्याला दोननं गुणा. “काऊन?” एकानं विचारलं. “कारण मी सांगतो म्हणून.” शाळेतलं निम्मं बीजगणित या एका कारणावर उभं आहे.

वर्गाला लागून व्हरांडा आणि व्हरांड्याला लागून बाभूळ. तिथं नातवाला न्यायला आलेले एक आबाजी टेकून बसले होते. उभ्या जन्मात बकऱ्या चारलेला माणूस. आतलं सगळं ऐकत होते. ते बाहेरूनच म्हणाले, “बारा बकऱ्या हायेत, मास्तर. अठरा कोंबड्या.”

सर खडू घेऊन दारात आले. “आबाजी, कसं काढलं?”

“काढाचं काय त्याच्यात? बकरी बाभयीले लागली का दोन पायावर उभी रायते. सगळ्या लावल्या बाभयीले. आता जमिनीवर पाय किती? तीस मुंडके, साठ पाय. चौऱ्यांशीतले साठ गेले, चोवीस झाडावर. एका बकरीचे दोन. झाल्या बारा.”

हे ज्यानं पाहिलं नसेल, त्यानं उन्हाळ्यात कोणत्याही बाभळीखाली जाऊन पाहावं. बकरी पुढचे दोन पाय खोडावर टेकते, मान ताणते आणि काटे चुकवून पाला ओढते. सगळा कळप असा उभा राहिला, की सभेत ठराव पास होत असल्यासारखं दिसतं. आबाजींनी आयुष्यभर पाहिलेलं हे दृश्य म्हणजेच सरांचं ‘पहिल्या समीकरणाला दोननं गुणा’. २क्ष + २य = ६०. सगळ्यांना दोन पायांवर उभं करा, मग दुसऱ्यातून वजा करा, उरले ते झाडावरचे. सर सांगतात, त्या दिवशी त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा कळलं, की आपण एवढी वर्षं पोरांकडून बकऱ्या झाडाला लावून घेत होतो.

पुढच्या चाचणीत एकानं ‘रीत’ या सदरात स्वच्छ अक्षरात लिहिलं: सर्व बकऱ्या बाभळीला लावल्या. उत्तर बरोबर होतं. सरांनी निम्मे गुण दिले. पेपर तपासणाऱ्याला बाभूळ ठाऊक असेल याची खात्री देता येत नाही, हे त्यांचं म्हणणं.

वयाच्या उदाहरणांचं दुखणं वेगळं. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट, दहा वर्षांनी दुप्पट होईल, तर आजची वयं किती? ३क्ष + १० = २(क्ष + १०); मुलगा दहाचा, बाप तीसचा. इथंही मांडणीला दोष नाही, पण पुस्तकातली घरं फार विश्वासू आहेत. आमच्याकडे एका पिढीतले निम्मे लोक एकाच दिवशी जन्मले: १ जून किंवा १ जुलै, हेडमास्तरांच्या मर्जीप्रमाणे. घरातून आलेली माहिती अशी असे, की पोरगं पोळ्याच्या आदल्या आठवड्यातलं, त्या साली पैनगंगेला मोठा पूर आला होता आणि तांबडी गाय व्याली होती. हेडमास्तर हे सगळं ऐकून घेत आणि रजिस्टरात १ जून लिहीत. त्या माणसाचं आज आधार कार्डावर एक वय आहे, मतदार यादीत दुसरं आणि रेशन कार्डावर तिसरं. श्रावणबाळ योजनेला पासष्ट पूर्ण लागतात, तेव्हा ही तिन्ही समीकरणं एकसामायिक सोडवायला तो तहसीलमध्ये जातो. दहा वर्षांनी आपलं वय किती होईल, हे त्याला तोंडी सांगता येतं. आज किती आहे, एवढाच घोळ असतो.

हा शब्दांत अडकवायचा छंद काही पाठ्यपुस्तक मंडळाचा शोध नाही. तो आपल्या मातीतला जुना आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. त्यातला ‘लीलावती’ हा भाग उघडला, की जिकडेतिकडे शाब्दिक उदाहरणं. भुंग्यांच्या थव्यातले एक पंचमांश एका फुलावर गेले, एक तृतीयांश दुसऱ्यावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक बिचारा हवेत घिरट्या घालत राहिला, तर एकूण भुंगे किती? उत्तर पंधरा. भुंग्यांनी एकमेकांत इतकी शिस्तशीर वाटणी केली, हे आपण काव्य म्हणून सोडून देऊ. पण अर्जुनाचं काय? त्यानं म्हणे निम्मे बाण कर्णाचे बाण परतवायला वापरले, एकूण बाणांच्या वर्गमुळाची चौपट घोड्यांसाठी, सहा शल्यासाठी, तीन छत्र, ध्वज आणि धनुष्यासाठी, आणि एकानं कर्णाचं मस्तक उडवलं. एकूण बाण शंभर. समोर कर्ण, मागे सारं कुरुक्षेत्र, आणि हा गृहस्थ भात्यात हात घालण्याआधी वर्गमूळ काढतो. गीता त्याला उगाच नाही सांगावी लागली.

भास्कराचार्यांच्या काळी अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत. म्हणजे असेल तेवढी. एकाहून जास्त अज्ञात असले, की पुढच्यांना रंगांची नावं द्यायचे: काळा, निळा, पिवळा, तांबडा. हा भाग वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या जिल्ह्यातली काळी-पिवळी येऊन उभी राहिली. इतकी नेमकी गोष्ट आचार्यांना साडेआठशे वर्षं आधी कशी सुचली असेल? काळी-पिवळी ही जीप आहे आणि तिच्यात किती माणसं मावतात, ही संख्या दोन्ही रंगांनी अज्ञात आहे. परवान्यावर काही आकडा असतो, तो फक्त परवान्यावर असतो. आत बसलेले लोक क्ष मानले, तर ड्रायव्हर दार उघडून म्हणतो, “सरका ना भाऊ जरासे, एकच सीट हाय.” म्हणजे क्ष = क्ष + १. पुस्तकात याला ‘उकल नाही’ असं लिहितात. दारव्हा, दिग्रस, पुसद, कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. उकल दर अर्ध्या तासानं तुमच्या अंगावरून धूळ उडवत जाते. शेवटचा तर दाराबाहेर लोंबकळत असतो. तो हातचा.

गाड्यांच्या वेगाची उदाहरणं मात्र आमच्या जिल्ह्यात कधी रुजलीच नाहीत. दोन स्टेशनांवरून दोन गाड्या एकमेकींकडे निघतात आणि कुठे भेटतात, असं ते विचारतात. आमच्या यवतमाळ शहराला एकच होती, शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, अडीच फुटांची अरुंद लाईन, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. समोरून यायला दुसरी गाडीच नाही, मग भेटणार कुणाला? तिच्या वेगाला क्ष मानावं, तर गार्ड खाली उतरून फाटक लावणार, गाडी पुढे काढणार, पुन्हा उतरून फाटक उघडणार. याला समान वेग म्हणायचं? आता तीही बंद आहे. तिच्यापेक्षा टिपेश्वरच्या अभयारण्यातला वाघ बरा. गळ्यात रेडिओ कॉलर घालून २०१९ मध्ये तो निघाला आणि फिरत फिरत तीन हजारांवर किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत जाऊन बसला. वेळ, अंतर, दिशा, सगळ्याची नोंद. पाठ्यपुस्तकात घालावा असा एकमेव प्रवासी आमच्या जिल्ह्यातून निघाला, तोही वाघ.

आणि टाकी? एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामी करतो. यवतमाळ शहरात २०१८ चा उन्हाळा काढलेल्या माणसापुढे हे उदाहरण ठेवू नका. शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं कोरडी पडली होती. तो आधी विचारेल, नळ कोणत्या वारी येतो.

कापसाचं समीकरण मात्र विस्तारानं सांगायला हवं, कारण तिथं मांडणी आपली नसते.

सुरुवात वेचणीपासून. समजा, एका वावरात दोन जावा वेचायला आल्या. धाकटीनं थोरलीपेक्षा पाच किलो जास्त वेचला. दोघींचा मिळून ७५. क्ष आणि क्ष अधिक पाच. थोरलीचा ३५, धाकटीचा ४०. मजुरी किलोमागे, म्हणून वजनाला महत्त्व. आता धाकटी जास्त चपळ आहे, असं पुस्तक म्हणेल. थोरलीला विचारा. ती म्हणेल, “ते सकायी सातले दवात आली. तिच्या कापसात अर्धं पानी हाय.” आणि ते खरं असतं. पहाटे दव पडलेला कापूस जड, दुपारचा हलका. म्हणजे क्षची किंमत सूर्य कुठं आहे त्यावर. मालकही काही कमी नाही. संध्याकाळी काटा टांगला, की आकडा पाहून तो एक किलो ‘घट’ म्हणून कापतो. धाकटीनं घातलेलं पाणी असं मालकाच्या बाजूला जातं. समीकरणाचा तोल राहतो, चिन्ह बदलतं.

मग तो कापूस गाडीत भरून भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर जातो. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण हा भाव आठ टक्के ओलाव्याचा. त्याच्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, आणि बाराच्या वर गेला तर माल परत. म्हणजे ओलावा क्ष टक्के मानला, तर भाव = ८,११० − ८१.१०(क्ष − ८). बारा भरला, तर ७,७८५ रुपये ६० पैसे. आठवीच्या पोराला जमेल असं साधं, सरळ, एका चलातलं समीकरण आहे. फक्त क्ष कोण काढणार? मशीन. आणि मशीन कुठं खुपसणार? इथं सगळं बीजगणित येऊन थांबतं.

गाडीवरचा वरचा थर उन्हानं कडक झालेला असतो. तो शेतकऱ्याला आवडतो. आतला, तळचा, रात्रभर दबून राहिलेला थर ओलसर. तो खरेदीदाराला आवडतो. एका रांगेत उभ्या राहिलेल्या आजोबांना ग्रेडरनं कोपरापर्यंत हात आत घालताना पाहिलं आणि ते न राहवून म्हणाले, “साहेब, तेवढ्या खोल तर आमी इहीर खंदली तवा बी पानी नव्हतं लागलं.” रांग खो खो हसली. आकडा काही बदलला नाही.

खाजगी व्यापाऱ्याकडे तर ओलाव्याची भानगडच नसते. तो मुठीत कापूस दाबून पाहतो, आभाळाकडे पाहतो, आणि भाव सांगतो. मग हमाली, तोलाई अशा वजाबाक्या एकेक करून कंसात शिरतात. शेतकरी सातवी नापास का असेना, चिठ्ठी हातात पडायच्या आत त्याचा तोंडी हिशोब पैशापर्यंत झालेला असतो. त्याला गणित येत नाही म्हणून तो नडतो, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या चिठ्ठीकडे पाहावं. गणित त्याला येतं. ‘समजा’ म्हणायची पाळी त्याच्यावर येत नाही.

जूनमध्ये तो पेरतो, तेव्हा उतारा अज्ञात, भाव अज्ञात, पाऊस तर यावत्तावत्. ठाऊक असलेली एकच संख्या: कृषी केंद्राची उधारी. जितके अज्ञात तितकी समीकरणं लागतात, असं सर शिकवतात. याच्याकडे अज्ञात तीन आणि समीकरण एक. ते न सुटल्यावर या जिल्ह्यात काय झालं, ते साऱ्या देशाला माहीत आहे. त्यावर विनोद करायची माझी प्राज्ञा नाही, म्हणून लग्नाकडे वळतो.

लग्नात किती माणसं जेवतील, हे वऱ्हाडातलं सर्वांत अवघड शाब्दिक उदाहरण आहे, आणि ते सोडवायला आचारी समोर उकिडवा बसलेला असतो. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं. एका पत्रिकेमागे किती माणसं, हा क्ष. त्यात सोयाबीन काढून झालं असेल तर वाढ, तूर सोंगायची असेल तर घट. त्याच तिथीला गावात आणखी दोन लग्नं असली, तर भागाकार. आपल्याकडे बुंदी आहे हे बाहेर फुटलं, तर पुन्हा गुणाकार. रुसलेले जावई ऋण धरायचे, पण ऐन पंगतीला ते धन होतात आणि येताना मित्र आणतात.

मागच्या हंगामात माझे तेच स्नेही, गणिताचे सर, मुलीचं लग्न करत होते. त्यांनी वही काढली, पत्रिका मोजल्या, गावनिहाय कोष्टक केलं आणि आचाऱ्याला म्हणाले, “समजा, एका पत्रिकेमागे सरासरी अडीच. म्हणजे समजा चारशे पानं.”

आचाऱ्यानं तंबाखू मळायची थांबवली. “काकाजी, कनीक किती पोते आनू ते सांगा.”

“तेच तर काढतोय. समजा चारशे…”

“नाई, समजा नका म्हनू. मागच्या आठवड्यात आर्णीले काम होतं. तिथले व्याही बी मास्तरच होते. त्यायनं बी ‘समजा चारशे’ म्हनलं. मी समजलो, काकाजी. पावने नाई समजले.”